सतरा नंबरचं ड्रॉइंग

नेल्डा हडस्पेथने टेबलावर केशरी शंकू ठेवला, तशी हिमेना उठली. टोपी डोक्यावर दाबली, पाण्याची बाटली काखेत मारली आणि वकिलातीकडे चालू लागली.

वकिलात म्हणजे काय, तर चार लोखंडी नळ्यांवर टाकलेला पत्रा, त्याखाली मोडक्या बसची दोन बाकं, एक बर्फाची पेटी आणि जुन्या पुस्तकांनी भरलेलं प्लास्टिकचं खोकं. क्लबच्या टेबलापासून शंभर पावलांवर. मोहावेच्या वाळवंटात रॉकेटं उडवणाऱ्या आमच्या हौशी मंडळींचा रिवाजच आहे, की कुणी इंजिनाचं ड्रॉइंग उलगडणार असेल तर आधी रस्त्यावरचा तो शंकू टेबलावर ठेवायचा. शंकू दिसला, की ज्यांच्याकडे या देशात कायमचं राहायचे कागद नाहीत त्यांनी पत्र्याखाली जाऊन बसायचं. रॉकेटच्या इंजिनाची माहिती परदेशी माणसाला दाखवली, की सरकारच्या लेखी ती परदेशी पाठवल्यासारखीच. मग तो माणूस तुमच्या शेजारी बसून तुमच्याच डब्यातलं खात का असेना. आमचं इंजिन केवढं, तर दुधाच्या बरणीएवढं. त्याला हा नियम लागतो की नाही हे छातीठोकपणे कुणीच सांगत नाही, म्हणून लागतो असं धरून चालायचं. पाच वर्षांपूर्वी एका कोरियन विद्यार्थ्याने फळीवर रंगाने 'वकिलात' असं लिहून ती पत्र्याला टांगली. तो शिकून गेला, फळी राहिली.

हिमेना तिकोना ही बोलिव्हियाची, ओरुरो गावची. लँकेस्टरच्या कॉलेजात शिकत होती आणि गेली दोन वर्षं एकही शनिवार तिने चुकवला नव्हता. ज्या कामाला शंकू लागत नाही ती सगळी कामं तिची. आडोशाची भिंत रचायची, उडून गेलेलं रॉकेट झुडपांतून शोधून आणायचं, वारा मोजायचा. कंटाळली म्हणून कधी तोंड वाकडं केलं नाही. ती नेल्डाला 'दोन्या' म्हणायची, म्हणजे स्पॅनिशमध्ये बाई. नेल्डाला ती आवडायची, आणि नेल्डाला माणसं सहसा आवडत नसत.

नेल्डा त्र्याहत्तर वर्षांची. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात रॉकेटचा एक कारखाना होता, तिथे एकतीस वर्षं ड्रॉइंगं काढण्यात गेली. निवृत्त झाली, नवरा गेला, आणि मग अकरा वर्षं खपून तिने स्वतःचं इंजिन काढलं. रॉकेल आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं, एकेचाळीस ड्रॉइंगांचं, सगळं पेन्सिलीने. क्लबमधली मंडळी संगणकावर काढायची. नेल्डा त्यांच्याकडे, विकतचं लोणचं खाणाऱ्याकडे बघावं तसं बघायची.

त्या दिवशी शंकू उतरल्यावर हिमेना परत आली आणि म्हणाली, "दोन्या नेल्डा, माझं तिकीट निघालं. चोवीस जूनला चालले मी."

"चालले म्हणजे? कायमची?"

"शिक्षण संपलं. आता तिकडच्या तंत्रशाळेत शिकवणार. सात विद्यार्थी आहेत, लेथ आहे, खाणीतलं तांबं आहे. इंजिन बनवायचंय आम्हाला." ती हसली. "दोन वर्षं मी तुमच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकलाय. आवाजावरून बनवता आलं असतं तर केव्हाच बनवलं असतं."

नेल्डाने सगळी ड्रॉइंगं गुंडाळली, नळकांड्यात घातली आणि झाकण इतकं घट्ट बसवलं की नंतर ते काढायला पक्कड लागली. घरी जाईपर्यंत तिचं ठरलं होतं. हे इंजिन या पोरीच्या हातात पडलं पाहिजे. नाहीतर ते रोझामंड गावातल्या आपल्या गॅरेजमधल्या खणात पडून राहील, आणि आपण गेल्यावर भाची येऊन सगळं कचऱ्यात घालील. आणि पडायचं ते सरळ मार्गाने, चोरून नव्हे. सात आठवडे होते.

रविवारी तिने हागोप तेर्झियानला बोलावलं. हागोप क्लबचा सभासद, पेशाने वकील. कंपन्यांना हेच निर्यातीचे नियम समजावून देण्यावर त्याचं पोट. येताना आईने वाळवलेल्या जर्दाळूंची पिशवी घेऊन आला.

"नियम सोपा आहे," जर्दाळू चघळत तो म्हणाला. "तिला एकटीला दाखवलंत, तर ती निर्यात. सगळ्या जगाला दाखवलंत, तर नाही. पुस्तक छापा, ग्रंथालयांत ठेवा, दुकानात ठेवा, मागेल त्याला मिळेल असं करा. मग ते सगळ्यांचं झालं. त्यात ती पण आली."

"म्हणजे एकीला सांगितलं तर गुन्हा, आणि आठशे कोटी लोकांना सांगितलं तर काही नाही."

"अगदी बरोबर."

"नियम लिहिणारा जागा होता ना रे?"

"जागा असेल, पण शनिवारी आपल्याकडे आला नव्हता." हागोपने हात पुसले. "छापायच्या आधी परवानगी घ्यायला हवी का, यावर आम्हा वकिलांत अजून भांडणं आहेत. माझं मत विचाराल तर, सगळं तुमचं स्वतःचं असेल आणि काही लपवलेलं नसेल, तर बेलाशक छापा. फक्त मला एकेक कागद बघू द्या."

नेल्डाने पहिलं ड्रॉइंग पसरलं. हागोप वाकला आणि वाकलेलाच राहिला. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात ठसठशीत लाल शिक्का होता: 'निर्यात-नियंत्रित. परदेशी व्यक्तीस दाखवू नये.'

"हा कुणी मारला?"

"मी."

"कुणी सांगितलं मारायला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? ड्रॉइंग झालं की शिक्का मारायचा."

"कारखान्यात, नेल्डा. तो कारखान्याचा नियम होता."

"मग? निवृत्त झाले म्हणून दात घासायचे सोडले का मी?"

झालं होतं असं, की या इंजिनाचं पहिलं ड्रॉइंग पूर्ण झालं तेव्हा तिला तो कागद उघडाबोडका वाटायला लागला. एकतीस वर्षं कोपऱ्यात लाल शिक्का बघायची सवय. शेवटी ती लँकेस्टरला गेली आणि वह्या-पेनांच्या दुकानातून तसाच शिक्का करून आणला. सरकारने मागितला नव्हता, क्लबने सांगितला नव्हता. एकेचाळीसच्या एकेचाळीस ड्रॉइंगांवर तिने तो स्वतःच्या हाताने, अगदी सरळ रेषेत मारला होता.

हागोपने कपाळावर हात मारून घेतला. "तुम्ही आपणहून एकेचाळीस वेळा लिहून दिलंत, की हे दाखवता येणार नाही. आता तेच छापायचं. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू, बाईंना सवय होती?"

"सांग की. खरं तेच आहे."

"पुन्हा काढता येतील का सगळी? शिक्क्याशिवाय?"

"सात आठवड्यांत? आणि जुन्यांचं काय करू, जाळू? जाळलेल्या कागदांबद्दल काय सांगशील तू?"

नेल्डा कागदाकडे बघत राहिली, आणि तिची नजर वरच्या कोपऱ्यातल्या दुरुस्तीच्या रकान्यावर गेली. तिला स्वतःचाच राग आला. इतकी साधी गोष्ट, आणि आपण विसरलो.

ड्रॉइंगवाल्यांचा एक दंडक असतो. पूर्ण झालेल्या ड्रॉइंगवर काही चुकलं, तर खोडरबर चालत नाही. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. मग रकान्यात लिहायचं: कितवी दुरुस्ती (मूळ ड्रॉइंग अ, पहिला बदल ब), काय बदललं, का बदललं, कोणी, कधी. चूक लपवायची नाही, मिरवायचीही नाही.

तिने पट्टी लावली, लाल पेन्सिलीने शिक्क्यावर एक आडवी रेघ मारली आणि रकान्यात लिहिलं: 'दुरुस्ती ब. शिक्का रद्द. सवयीने मारला, तो मारण्याचा अधिकार मला कधीच नव्हता. ने. ह.' खाली तारीख.

हागोपने ते दोनदा वाचलं. "एवढं चांगलं मला दहा पानांत लिहिता आलं नसतं," तो म्हणाला. "आता पुढचा प्रश्न. प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगा."

त्यात नेल्डा तयार होती. तिच्याकडे वह्या होत्या. हा आकडा साठ वर्षांपूर्वी सरकारने छापलेल्या अहवालातला, तो अमुक पाठ्यपुस्तकातला, हा आम्ही क्लबवर मोजलेला. हागोप खुणा करत गेला. पहिलं, दुसरं, दहावं, सोळावं. नेल्डा जर्दाळू खाऊ लागली, म्हणजे मजेत होती.

"सतरा नंबर," हागोप म्हणाला. "ही काय, फवाऱ्याची चकती?"

"हो. यातून रॉकेल आणि ऑक्सिजनच्या धारा येऊन एकमेकींवर आपटतात. इंजिनाचा सगळा जीव त्यात."

"भोकांचा कोन कुठून आला?"

नेल्डाने वही उघडली. पानं पुढे केली, मागे केली, मग वही मिटली. तो कोन कुठेच लिहिलेला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी चकती काढायला बसली आणि हात सरळ त्या कोनावर गेला, हे तिला आत्ता लख्ख आठवलं. हाताला तो माहीत होता. आणि हात तो कुठे शिकला असेल, याला एकच जागा होती: कारखाना.

हागोपने चष्मा काढला. "मी विचारायचं काम केलं. उत्तर तुमचं. कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली? तो आकडा ओळखणारं कुणी उरलेलंही नसेल."

"मी उरलेय," नेल्डा म्हणाली. तिने सतरा नंबरचं ड्रॉइंग बाजूला काढलं. "याच्यावरचा शिक्का तेवढा बरोबर आहे. राहू दे."

चकतीशिवाय इंजिन म्हणजे नुसता तांब्याचा लोटा. नवी चकती काढायला बसलं तरी हात पुन्हा तिकडेच जाणार, हे नेल्डाला पक्कं ठाऊक होतं. क्लबमधल्या दुसऱ्या कुणाला सांगावं, तर सगळ्यांनी जुनी चकती हातात घेऊन पाहिलेली. न पाहिलेलं माणूस हवं होतं. शंकू ठेवला की जे उठून जायचं, असं.

आणि मग नेल्डा हसायला लागली. गुडघ्यावर थाप मारून हसायला लागली. हागोपला वाटलं, बाईंना उन्हाचा त्रास होतोय.

"ती दोन वर्षं त्या पत्र्याखाली बसून काय करत असेल असं वाटतं तुला?" ती म्हणाली. "त्या खोक्यात सगळे जुने सरकारी अहवाल आहेत, ग्रंथालयाने काढून टाकलेले. ती वाचते. आणि तिच्याकडे एक वही आहे."

हागोपने जरा विचार केला. "नियम इकडून तिकडे जाणाऱ्याला आहे," तो हळूच म्हणाला. "तिकडून इकडे येणाऱ्याला कुणी अडवलेलं नाही. तिने स्वतःच्या खुशीने दिलं, तर घ्या. तिच्या नावानिशी छापा. पण एक लक्षात ठेवा. बघायचं आणि घ्यायचं. हे बरोबर, ते चूक, असं एक अक्षर बोलायचं नाही. भुवई सुद्धा हलता कामा नये. ज्ञान छापलेलं असलं की मोकळं. मदत मोकळी नाही. परदेशी माणसाला इंजिन बनवायला मदत करायची, तर परवाना लागतो."

"माझी भुवई माझ्या नवऱ्याला चाळीस वर्षांत कळली नाही," नेल्डा म्हणाली.

पुढच्या शनिवारी शंकू कुणी ठेवला नव्हता, तरी नेल्डा आपल्या पायांनी वकिलातीत गेली आणि मोडक्या बाकावर बसली.

"तुझ्याकडे फवाऱ्याची चकती आहे का गं?"

हिमेना लाजली. मग तिने पिशवीतून चौकटीची वही काढली आणि एक पान उघडून मांडीवर ठेवलं. अठ्ठेचाळीस भोकं. प्रत्येक आकड्याच्या बाजूला बारीक अक्षरात अहवालाचं नाव आणि पान. दोन वर्षांचं काम. पेन्सिलीची रेघ न रेघ सारख्या जाडीची. नेल्डाला आत कुठेतरी भरून आलं. तिने ते गिळलं, कारण भुवई हलवायची नव्हती.

मग तिने बाहेरचं कडं पाहिलं, आणि एका मिनिटात तिला चूक दिसली. पोरीने ऑक्सिजनची भोकं भिंतीच्या अंगाला घेतली होती आणि रॉकेलची आतल्या अंगाला. हवं होतं उलटं. रॉकेल बाहेरून गेलं की भिंत थंड राहते. तापलेल्या भिंतीवर ऑक्सिजन गेला, की तो तांबं खातो. दोन सेकंदांत भोक, आणि पुढे काय होईल ते सांगायला नको.

"कसं आहे?" हिमेनाने विचारलं.

जिभेच्या टोकावर आलेलं नेल्डाने दातांमागे अडवलं. "वही छान ठेवली आहेस," ती म्हणाली. "देशील? क्लबच्या पुस्तकात छापू. तुझ्या नावाने."

"माझ्या नावाने?"

"रेखाटन कोणी केलं, तो रकाना असतो. मोकळा ठेवता येत नाही."

हिमेनाने लगेच सही करून पानाची नक्कल दिली. नेल्डाने घरी जाऊन नवं सतरा नंबर काढलं, आधी तिचं होतं तसंच्या तसं. मग खोक्यातल्याच एका अहवालाचं पान समोर ठेवून, कडं बदलून, रकान्यात लिहिलं. शिक्का मात्र तिने मारला नाही. हात शाईच्या डबीकडे गेला होता, पण तिने तो परत आणला.

चकती झाली. आधी पाण्यावर तपासली, मग जूनच्या पहिल्या शनिवारी इंजिन पेटवलं. लांबून बघायला आणि ऐकायला कुणालाच बंदी नव्हती. हिमेना पत्र्याखाली उभी राहून बोटांवर सेकंद मोजत होती. आठ मोजून झाले, इंजिन ठरल्या वेळी बंद झालं, आणि ती शंभर पावलं धावत आली.

"दोन्या नेल्डा, पूर्ण आठ. माझी चकती." तिने नेल्डाला मिठी मारली. "आता सांगते. त्या पानाचा फोटो मी ओरुरोला पाठवलाय. सोमवारपासून ते तांब्याला भोकं पाडायला घेतायत. मी गेले की बाकीचं इंजिन उभं करायचं. सहा ऑगस्टला, आमच्या स्वातंत्र्यदिनाला पेटवायचं. सगळी शाळा बघायला येणार."

पोरीला वाटत होतं, आठ सेकंद चालली ती तिच्या वहीतलीच चकती. का वाटू नये? कुणी तिला काही बोललंच नव्हतं.

गाडीत बसून तिने हागोपला फोन लावला.

"एक वाक्य आहे, हागोप. फक्त एक."

"ते वाक्य जुन्या अहवालात आहे ना?"

"आहे. तिच्याच खोक्यात."

"अहवाल मोकळा आहे. पण तिच्या कागदावर बोट ठेवून हे इथे चुकलं म्हणणं, ही मदत झाली."

"अरे, सात पोरं उभी राहतील त्या इंजिनापाशी. आणि बघायला सगळी शाळा."

"सहा ऑगस्टला," हागोप म्हणाला. "पुस्तक जूनमध्ये येतंय ना?"

"ते एक पान आधी छापते."

"एका माणसासाठी छापलेलं पान म्हणजे पत्रच की, नेल्डा. सगळं छापा. ते तुमच्या हातात आहे."

"ऐक मग. तेवीस तारखेपर्यंत पुस्तक आलं नाही, तर मी विमानतळावर तुझ्यादेखत तिला ते वाक्य सांगणार. पुढे काय व्हायचं ते होऊ दे."

"तसं झालं तर तुमची बाजू मीच मांडीन," हागोप म्हणाला. "पण तसं होऊ देऊ नका."

नेल्डाने होऊ दिलं नाही. सकाळी सहाला टेबलावर बसायची, ऊन गॅरेजमध्ये शिरलं की उठायची. उरलेल्या एकोणचाळीस शिक्क्यांवर एकेक रेघ, प्रत्येक रकान्यात तोच मजकूर, हाताने. क्लबमधला कुणीतरी म्हणाला, एकदा लिहून बाकीच्यांवर चिकटवा की. नेल्डाने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा त्या विषयावर आला नाही. लँकेस्टरचा छापखानेवाला एरवी लग्नाच्या पत्रिका छापायचा. त्याने रंग वाचवायला सगळं काळ्यात छापायचं म्हटलं. "लाल रेघ लालच दिसली पाहिजे," नेल्डाने सांगितलं, आणि ती तशी दिसेपर्यंत छपाईच्या यंत्रापाशी खुर्ची टाकून बसली.

बावीस तारखेला दुपारी साठ प्रती आल्या. बारा गुरांच्या खाद्याच्या दुकानात, मासिकांच्या शेजारी ठेवल्या. तीस टपालाने वेगवेगळ्या ग्रंथालयांना गेल्या. काही क्लबच्या कपाटात ठेवल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. आणि एक प्रत घेऊन नेल्डा तेवीस तारखेला सकाळी गावातल्या ग्रंथालयात गेली. हिमेनाला तिनेच गाडीत बसवून आणलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. "पुस्तक आलंय, बघायला चल," एवढंच. सबंध वाटेत नेल्डा एकदाही चकतीबद्दल बोलली नाही.

ग्रंथपाल ओफेलियाबाईंशी नेल्डाचं आधीच बोलणं झालं होतं. गावातल्या माणसांनी लिहिलेल्या पुस्तकांची एक फळी दारापाशीच होती. तिच्यावर ठेवायला लांबलचक सोपस्कार लागत नसत. नेल्डाने पुस्तक काउंटरवर ठेवलं. ओफेलियाबाईंनी पहिल्या पानावर ग्रंथालयाचा निळा शिक्का मारला, आणि नेल्डा त्या शिक्क्याकडे टक लावून बघत राहिली.

"ही मुलगी याच पुस्तकासाठी आली आहे ना?" ओफेलियाबाई म्हणाल्या. "मग देऊन टाका की तिच्या हातात."

"नाही. फळीवर ठेवा."

"फळी चार पावलांवर आहे."

"तरी ठेवा."

ओफेलियाबाईंनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं, एक उसासा सोडला आणि पुस्तक नेऊन फळीवर उभं केलं. नेल्डा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. हिमेनाला हसू येत होतं. ती चार पावलं गेली, पुस्तक उचललं, टेबलाशी बसली आणि पहिल्यापासून पानं उलटू लागली. दोन वर्षं जे तिच्या पाठीमागे उलगडलं जायचं, ते आता तिच्यासमोर पडलं होतं. प्रत्येक पानावर लाल रेघेखालचा शिक्का वाचता येत होता. ती वाचत होती, रकाना वाचत होती, आणि तिचं हसू कमी होत गेलं. एकदा तिने डोळे पुसले.

मग सतरा नंबर आलं. 'रेखाटन: हिमेना तिकोना.' तिने नावावरून बोट फिरवलं. बोट खाली चकतीवर आलं, बाहेरच्या कड्यावर गेलं, आणि थांबलं. तिथे एक लाल रेघ होती.

तिची नजर वर रकान्याकडे गेली. 'दुरुस्ती ब. बाहेरच्या कड्यातली भोकं उलटी केली: रॉकेल भिंतीच्या अंगाला, ऑक्सिजन आत. आधीच्या रचनेत भिंत जळेल. आधार: सोबत दिलेल्या यादीतला नववा अहवाल, पान ८८. पेटवून तपासलं, आठ सेकंद. ने. ह.'

हिमेनाने पान पुन्हा वाचलं.

"त्यांची भोकं पाडून झाली," ती म्हणाली. "परवाच झाली."

"चकती पुन्हा करता येते," नेल्डा म्हणाली. "अजून सहा आठवडे आहेत."

"तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी, वही बघताना."

"एका मिनिटात कळलं."

"आणि तुम्ही म्हणालात, वही छान ठेवली आहेस."

"ठेवली होतीसच." नेल्डा खुर्ची ओढून समोर बसली. "तीन आठवडे मला धड जेवण गेलं नाही, पोरी. आयुष्यात एवढी गप्प मी कधीच बसले नव्हते. पुन्हा कुणी सांगितलं तरी बसणार नाही."

फोन काढून हिमेनाने भराभर काहीतरी लिहिलं आणि ओरुरोला पाठवलं. उत्तर येईपर्यंत स्क्रीनवरून नजर हलवली नाही. उत्तर आलं: थांबलो. मग तिने पिशवीतून चौकटीची वही काढली आणि ते पान उघडलं. नेल्डाला वाटलं, आता फाडते. तिने पान फाडलं नाही, खोडरबरही काढला नाही. ओफेलियाबाईंकडून पट्टी आणि लाल पेन्सिल मागून आणली, बाहेरच्या कड्यावर पट्टी धरली आणि एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी नवी भोकं काढली. मग पानाच्या वरच्या कोपऱ्यात चार ओळींचा रकाना आखला आणि लिहिलं: दुरुस्ती ब. काय, का, तारीख. शेवटी 'हि. ति.'

तिने वही फिरवून नेल्डासमोर सरकवली.

"तपासणार?"

नेल्डाला हागोप आठवला. तिने ग्रंथालयाचा निळा शिक्का असलेलं पुस्तक उघडून वहीच्या शेजारी ठेवलं, आणि अठ्ठेचाळीस भोकं एकेक करून ताडून पाहिली, घाई न करता. ओफेलियाबाई काउंटरवरून बघत होत्या.

"पुस्तकात आहे तसं आहे," ती म्हणाली. आणि मग दोन वर्षं साठवलेला शब्द तिने सगळ्या ग्रंथालयाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने उच्चारला.

"बरोबर."